कोरड्या वळिवात वणव्याचा अंदाज कसा बांधायचा

एप्रिल संपत आला की नाशिकला एक ठरलेली दुपार येते. सकाळपासून तलखी, दोननंतर सिन्नरच्या अंगाला ढग फुगू लागतात, चारला गडगडाट, साडेचारला धुळीचा लोट. खिडक्या आपटतात, दोरीवरचे कपडे शेजारच्या गच्चीवर जातात, गल्लीतल्या गुलमोहराची एखादी फांदी मोडते. आणि पाऊस म्हणाल तर अंगणात रुपयाएवढे आठ-दहा थेंब. घरातली माणसं म्हणतात, ‘हुलकावणी दिली.’ डोंगरावर रोपं लावून बसलेला माणूस मात्र गच्चीवर जातो आणि चारी बाजूंना धूर शोधतो.

आम्ही काही मंडळी म्हसरूळच्या पलीकडच्या एका टेकडीवर झाडं लावतो. एका मे महिन्यात अशाच कोरड्या वळिवाने आमची दोन पावसाळ्यांची मेहनत तासाभरात काळी केली. टेकडीवर वीज पडलीच नव्हती. पायथ्याला कुणीतरी सकाळी बांध पेटवला होता. दुपारी आम्ही बघितला, ‘विझलाय’ म्हणालो आणि घरी आलो. वाऱ्याने राखेतला निखारा उचलून गवतात नेऊन ठेवला. त्या दिवसापासून मी वही ठेवतो. पुढचं बरंचसं त्या वहीतलं आहे.

आधी प्रश्न नीट मांडू

गडगडाट आणि वारा भरपूर, पण जमिनीवर पाऊस जवळपास नाही, अशा वादळाला कोरडं वादळ म्हणतात. अमेरिकेत साधारण २.५ मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस ही त्याची ढोबळ मर्यादा धरतात. तिकडे या वादळांची मुख्य भीती विजेची. ऑगस्ट २०२० मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात अशा कोरड्या विजांनी काही दिवसांत शेकडो ठिकाणी आगी लावल्या आणि त्यांतल्या काही एकमेकींत मिसळून झालेल्या एकाच वणव्यात दहा लाख एकरांहून जास्त क्षेत्र जळालं.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. सह्याद्रीतले वणवे बहुतेक सगळे माणसाच्या हातून लागतात: बांध जाळताना, भात-नागलीच्या रोपांसाठी राब भाजताना, मोहाची फुलं वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवताना, ट्रेकवर चूल मांडताना, नाहीतर विडीच्या थोटकाने. विजेने लागलेली आग अशक्य नाही, पण दुर्मीळ. म्हणून ‘आज वीज कुठे पडेल?’ याच्या मागे फार लागू नका. विचारायचं ते हे, की आज दुपारी जमिनीवर आधीच पेटतं असलेलं काही वाऱ्याच्या तावडीत सापडेल का? या प्रश्नाचे चार तुकडे पडतात: गवत, हवा, वारा आणि ठिणगी. पहिल्याचं उत्तर फेब्रुवारीत मिळतं, शेवटच्याचं त्याच दिवशी सकाळी.

पहिली पायरी: गवत बघा

वनविभाग वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतो. पण हंगामाची पायाभरणी आदल्या पावसाळ्यातच होते. पाऊस चांगला झाला की गवत छातीएवढं वाढतं आणि होळीनंतर तेच सरपण होतं. दुष्काळी वर्षी डोंगर उघडे राहतात आणि वणवे तुकड्या-तुकड्यांनी लागतात. त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसाच्या पट्ट्यात गवत दाट. चांदवड-येवल्याकडे जावं तसं विरळ. एकाच जिल्ह्यात, एकाच दिवशी, एकाच वाऱ्याला अंजनेरीचा उतार आणि येवल्याचा माळ सारखे जळणार नाहीत.

परीक्षा सोपी आहे. दुपारी तीनच्या सुमारास उतारावरची मूठभर कुसळ तोडा आणि मुठीत चुरगळा. काड्या लवल्या तर ओल आहे. कडकड मोडून भुगा झाला तर ते गवत काडी लावण्याची वाट बघतंय. गवतासारखं बारीक इंधन तासा-दोन तासांत हवेशी जुळवून घेतं. हवेत ५० टक्के आर्द्रता असेल तर त्यात वजनाच्या साधारण ९ टक्के पाणी राहतं, २० टक्क्यांवर आली की ४ टक्क्यांच्या आसपास. याचा एक अर्थ लोक हमखास विसरतात. परवा वळीव झोडपून गेला म्हणून आज डोंगर ओला आहे, असं नसतं. जाड ओंडके ओले असतील. गवत कालच्या एका उन्हात पुन्हा कोरडं ठणठणीत झालेलं असतं.

दुसरी पायरी: हवा किती कोरडी, हे कूलरला विचारा

सगळ्या लेखातला माझा आवडता भाग हा. नाशिकमध्ये ज्याच्या घरी साधा पाण्याचा कूलर आहे, त्याच्याकडे वणव्याचं यंत्र आहे. हवा कोरडी असेल त्या दिवशी कूलरच्या गवतावरचं पाणी झपाझप उडतं आणि झकास गार वारा येतो. हवेत दमटपणा आला की तोच कूलर नुसता चिकट वारा फेकतो आणि घरातले एकमेकांवर ‘पाणी भरलं का?’ म्हणून ओरडतात. कूलर झकास चालतो ती वणव्याची दुपार.

कूलरच्या आत जे घडतं, तेच कोरड्या वादळाच्या ढगाखाली घडतं. ढग उंचावर असतो. त्यातून पडलेला पाऊस खालच्या तापलेल्या, कोरड्या हवेत येता येता उडून जातो. पाणी उडालं की हवा गार होते, गार हवा जड होते आणि दगडासारखी खाली कोसळते. जमिनीवर आपटून ती चहूकडे पसरते. तुमच्या खिडक्या आपटतात त्या याच हवेने. पाऊस जितका वाटेत उडतो तितका वारा जोरात येतो. म्हणजे हुलकावणी दिलेल्या ढगाने पाणी ठेवून घेतलेलं नसतं. ते त्याने वाऱ्यात खर्च केलेलं असतं.

आता हे आकड्यात बसवू. दोन आकडे लागतात: दुपारचं तापमान आणि दवबिंदू. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला ही हवा गार केली तर तिच्यातल्या बाष्पाचं दव होईल ते तापमान. हवामानाच्या बहुतेक ॲपवर तो मिळतो. तापमानातून दवबिंदू वजा करा आणि १२५ ने गुणा. आलेला आकडा म्हणजे दुपारच्या ढगाच्या तळाची जमिनीपासूनची उंची, मीटरमध्ये, ढोबळमानाने.

समजा, दुपारी ४० अंश आहेत आणि दवबिंदू १२. फरक २८, गुणिले १२५ म्हणजे ३५०० मीटर. थेंबाला साडेतीन किलोमीटर भट्टीतून यायचंय. बहुतेक वाटेतच संपतील. तेव्हा आर्द्रता असते जेमतेम १९ टक्के. उलट, ३४ अंश आणि दवबिंदू २२ असेल तर ढगाचा तळ १५०० मीटरवर आणि आर्द्रता ५० टक्के. हा ढग भिजवून जाईल. माझ्या वहीत फरक २० च्या वर गेला, म्हणजे तळ अडीच किलोमीटरच्या वर गेला, की त्या तारखेभोवती लाल गोल पडतो.

ॲपवर विश्वास नसेल तर दोन साधे थर्मामीटर घ्या. एकाच्या फुग्याला मलमलची ओली चिंधी गुंडाळा, दोन्ही सावलीत टांगा, पुठ्ठ्याने वारा घाला. पहिल्या उदाहरणातल्या दुपारी कोरडा ४० दाखवेल तर ओला २२ च्या आसपास. दुसऱ्या उदाहरणात अंतर फक्त ८ अंशांचं. अंतर १५ च्या पुढे गेलं की सावध. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षवाल्यांना यातलं काही शिकवायला नको. डाऊनी आणि भुरी या द्राक्षांवरच्या रोगांच्या धास्तीने त्यांनी बागेत हवामान केंद्रं बसवली आहेत. फक्त ते आर्द्रता वाढली की घाबरतात, आपण घसरली की. टेकडीजवळ असा कुणी बागायतदार ओळखीचा असेल तर एप्रिल-मेमध्ये त्याला रोज दुपारी एक फोन करायला लाजू नका.

परदेशात ‘तीस-तीस-तीस’ नावाचा एक नियम सांगतात: तापमान ३० च्या वर, आर्द्रता ३० च्या खाली, वारा ताशी ३० किलोमीटरच्या वर. नाशिकला पहिली अट मार्च ते मे जवळपास रोजच पूर्ण होते, त्यामुळे ती काही सांगत नाही. उरलेल्या दोन ठेवा.

तिसरी पायरी: वाऱ्याचा अंदाज, आणि यलो अलर्टचं चुकीचं वाचन

वारा दोन प्रकारचा. एक रोजचा: एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पश्चिमेकडून, वायव्येकडून येणारा. याचा अंदाज ॲप बऱ्यापैकी देतात. दुसरा ढगातून कोसळणारा. याच्याबाबत ॲप जवळपास आंधळे असतात, कारण एखाद-दोन किलोमीटरच्या पट्ट्यात घडणारी गोष्ट त्यांच्या जाळीतून निसटते. ॲपने झोत ३५ चा दाखवला आणि प्रत्यक्षात छप्पर उडालं, यात ॲप खोटं बोललं असं नाही. त्याला तो ढग दिसलाच नव्हता.

म्हणून दुसऱ्या वाऱ्यासाठी आकडा शोधू नका, शक्यता शोधा. भारतीय हवामान विभाग जिल्हावार पाच दिवसांचे इशारे देतो. त्यात आपल्याला हवे असलेले शब्द असे: ‘मेघगर्जना’, ‘विजांचा कडकडाट’, ‘सोसाट्याचा वारा’, ‘ताशी ३० ते ४० किलोमीटर’. सोबत बहुधा येतं ‘तुरळक ठिकाणी हलका पाऊस’. हा ‘तुरळक’ शब्द नीट वाचा. त्याचा अर्थ जिल्ह्यात सगळीकडे थोडा-थोडा असा नाही. पाव भाग किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस होईल, असा आहे. म्हणजे उरलेल्या पाऊण जिल्ह्याला गडगडाट आणि वारा मिळू शकतो, पाणी नाही.

गडगडाटाचा यलो अलर्ट आला की आमच्या गटात कुणीतरी हमखास लिहितं, ‘चला, आता वणव्याची काळजी मिटली.’ दरवर्षी. खरं तर महिनाभराच्या कोरड्या उन्हानंतर येणारा पहिला यलो अलर्ट सगळ्यात वाईट. तेव्हा बाष्प वरच्या थरात पोचलेलं असतं, म्हणून ढग होतात. पण जमिनीलगतची हवा अजून कोरडीच असते. त्या दिवशी दवबिंदूचा फरक मोठा दिसला तर अलर्ट पावसाचा समजू नका, वाऱ्याचा समजा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खालची हवाही दमट झाली की ढग खाली उतरतात आणि खरोखर भिजवतात.

त्याच दिवशी सकाळी तीन तासांचे तातडीचे इशारे बघायला सुरुवात करा. विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप उपयोगी. तुमच्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडतेय का ते दाखवतं. रडार बघत असाल तर एक गोम लक्षात ठेवा. मुंबईच्या रडारची सगळ्यात खालची किरणसुद्धा पृथ्वीच्या गोलाईमुळे नाशिकपर्यंत येता येता तीनेक किलोमीटर उंचीवरून जाते. तिला दिसलेला पाऊस खाली पोचला असेलच असं नाही. रडारवर नाशिकच्या डोक्यावर पिवळा डाग आणि गंगापूर रोड कोरडा, असं दिसलं तर रडार बिघडलेलं नाही. तुम्ही कोरडं वादळ बघताय.

चौथी पायरी: ठिणगी कुठे आहे, हे गावात कळतं

हे कुठल्याही उपग्रहापेक्षा सायकलवर फिरणाऱ्या माणसाला चांगलं कळतं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडे भात-नागलीच्या रोपांसाठी राब भाजतात: शेण, फांद्या, पाचोळा, गवत, वरून माती असे थर देऊन जमीन भाजायची. शहरातली मंडळी वणव्याचं खापर सरसकट राबावर फोडतात, ते मला पटत नाही. जाणता शेतकरी वारा पडलेला असताना, कडेचं गवत साफ करून भाजतो आणि विझेपर्यंत तिथे बसतो. भानगड होते ती घाईत, दुपारी, राखण न ठेवता भाजलेल्या राबाची. म्हणून लाल गोलाच्या आदल्या संध्याकाळी सरपंच, पोलीसपाटील, वनरक्षक आणि दोन-चार शेतकरी यांना एक निरोप: ‘उद्या तीननंतर वावधान सुटायची शक्यता आहे. काका, राब उद्या नको, परवा सकाळी भाजा.’ आकडे, अलर्ट, टक्केवारी यातलं काही सांगू नका. ‘वावधान’ म्हटलं की पुरतं.

चैत्रात वणीच्या गडाकडे खानदेशातून पायी येणाऱ्या भाविकांच्या वाटेवरच्या चुलीही धरा. सुट्टीच्या दिवशी अंजनेरी, हरिहर, ब्रह्मगिरीची गर्दीही. लाल दिवस रविवारी आला की धोका एक पायरी वर.

आता जुळवणी. मी ती अशी करतो: गवत मुठीत भुगा होतंय, फरक २० च्या वर आहे, गडगडाटाचा इशारा आहे. तिन्ही असतील तर लाल दिवस. दोन असतील तर पिवळा, आणि त्यात जवळपास राब किंवा बांध पेटलेला असेल तर तोही लालच. गडगडाट नसतानाही नुसता पश्चिमेचा वारा ३० च्या वर गेला आणि आर्द्रता २० च्या खाली असेल तर ढगाविना लाल.

लाल दिवशी आम्ही दुपारी तीन ते सात दोन माणसं टेकडीसमोरच्या गच्चीवर बसवतो, टेकडीवर नाही. जाळरेषेवर, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून ठेवलेल्या पट्ट्यावर, सकाळीच एक फेरी मारून उडून आलेला पाचोळा झाडतो. पाच-पाच लिटरचे कॅन आणि निरगुडीच्या ओल्या फांद्या पायथ्याला. वनविभागाचा १९२६ आणि आपत्कालीन ११२, हे दोन क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये.

पाचवी पायरी: ती दुपार

आकाशाकडे बघून बरंच कळतं. ढगाचा तळ उंच आणि सपाट, त्याखाली करड्या रंगाची झालर लोंबतेय आणि ती जमिनीला टेकत नाही, अधांतरी विरतेय: पाऊस वाटेत उडतोय. त्या झालरीच्या बरोबर खाली वारा कोसळत असतो. मग क्षितिजावर तपकिरी भिंत उठते. अचानक वारा पडतो, गुदमरल्यासारखं होतं, आणि पाठोपाठ गार झोत. झोत लागला की हातात वेळ उरलेला नसतो.

वेळेचा हिशेब आधीच करून ठेवा. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद भागिले तीन म्हणजे किलोमीटर. पण गार वाऱ्याची आघाडी ढगाच्या वीस-वीस किलोमीटर पुढे धावू शकते. ताशी ४० ने वीस किलोमीटर म्हणजे अर्धा तास. ‘दामिनी’वर २० किलोमीटरच्या वर्तुळात ठिपका दिसला तेव्हा तुम्ही उतारावर असाल तर उतरायला लागा. वाऱ्याचा वेग मोजायला यंत्र नको: धूळ आणि कागद उडायला लागले तर २० ते २८, छोटी पानाळू झाडं डोलू लागली तर तिशी पार, विजेच्या तारा शिट्टी घालू लागल्या आणि छत्री धरवेना तर ४० च्या पुढे, अख्खी झाडं हलू लागली आणि वाऱ्याविरुद्ध चालवेना तर ५० च्या वर.

सगळ्यात घातक असतो दिशेचा पालट. दुपारभर वारा पश्चिमेचा. त्या वाऱ्याने एक आग टेकडीवर पूर्वेकडे सरकतेय. तिचं तोंड अरुंद आहे, दोन्ही बाजू मात्र लांबलचक, पण त्या शांत आहेत, माणसं त्या बाजूने फांद्यांनी झोडपत विझवतायत. आता दक्षिणेला असलेल्या ढगातून झोत आला. उत्तरेकडची ती लांबलचक, शांत बाजू एका क्षणात आगीचं तोंड होते. चढावर तर आणखी वाईट: उतार दर १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात यार्नेल हिल इथे २८ जूनला विजेने एक आग लागली. दोन दिवसांनी, ३० जूनला, वादळातून आलेल्या वाऱ्याने तिची दिशा फिरवली आणि कसलेल्या, प्रशिक्षित तुकडीतले १९ जण त्यात गेले. आपण तर हातात निरगुडीची फांदी घेतलेले हौशी लोक.

तेव्हा नियम कडक ठेवा. गडगडाट ऐकू आला की आगीवरची माणसं मागे. पळायची वेळ आली तर आगीच्या पुढे चढावर कधीच नाही. आधीच जळून काळी झालेली आणि थंड झालेली जमीन, नांगरलेलं वावर, उघडा कातळ, यांतलं एक ठिकाण काम सुरू करण्याआधी बोट दाखवून ठरवलेलं असलं पाहिजे. आमच्या गटात या नियमावरून भांडणं झाली आहेत. रोपं जळताना बघत बसणं सोपं नसतं. रोपं पुन्हा लावता येतात.

सहावी पायरी: वादळानंतरचे तीन दिवस

वळीव गेला, गारवा आला, लोक आईस्क्रीम खायला बाहेर पडले. पहारा मात्र सुरू ठेवायचा. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांवरून दिसलेल्या आगीचे इशारे मोबाइलवर पाठवतं; नोंदणी कुणालाही करता येते, करून ठेवा. पण त्यावर विसंबू नका. ३७५ मीटरपर्यंत बारकाईने बघणारे उपग्रह आपल्यावरून साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. कोरडं वादळ येतं चार-पाचला. संध्याकाळी पेटलेली आग उपग्रहाला रात्री दीडला दिसणार, तेही मध्ये ढग नसेल तर. तोवर गच्चीवरचे डोळेच खरे.

कड्यावर, सोंडेवर वीज पडताना कुणी बघितली असेल तर ती जागा लिहून ठेवा आणि दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दिवशी दुपारी तिकडे दुर्बीण लावा. वाळलेल्या, पोकळ खोडात आग दिवसचे दिवस धुमसू शकते आणि हवा पुन्हा कोरडी झाली की बाहेर पडते. राबाच्या आणि बांधाच्या राखेचंही तेच. राखेवर हाताची पालथी बाजू धरा. धग लागली तर काठीने उकरा, पाणी ओता, पुन्हा उकरा. वरून पांढरी दिसणारी राख बघून ‘विझलाय’ म्हणणारे आम्हीच होतो.

आणि वही. रकाने थोडेच ठेवा, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात बंद पडते: तारीख, दुपारी तीनचं तापमान, दवबिंदू, दोन्हींतला फरक, कुसळ लवली की मोडली, इशारा होता का, झोत किती वाजता आणि कुठून आला, पाऊस किती थेंब, धूर कुठे. शेवटच्या रकान्यात सकाळी आपण काय रंग दिला होता ते, पेनने, खाडाखोड न करता. माझा २० चा आकडा तुमच्या टेकडीला कदाचित १७ असेल, कदाचित २३; दोन उन्हाळे लिहिलंत की तुमचा तुम्हाला सापडेल.